घडाची साखर रोज मोजतो, स्वतःची कधी मोजणार?

पोस्ट मोठी आहे. बाजारभाव, पाऊस, लाईट यावर मी नेहमी लिहितो. आज विषय घरातला आहे, पण गावातल्या निम्म्या घरांना लागू पडेल असं वाटतं म्हणून इथे लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या द्यायच्या तर द्या.

मी शुगरचा पेशंट आहे. टाइप टू. चार वर्षं झाली. गावात बऱ्याच जणांना माहीत नाही, कारण मीच सांगितलं नाही. आपल्याकडे बीपी सांगतात, गुडघेदुखी सांगतात, पण शुगर म्हटलं की माणूस गप्प बसतो. त्यात मी द्राक्षवाला. दोन एकर थॉमसन, एक एकर शरद. द्राक्षवाल्याला शुगर म्हणजे लोकांना हसायला विषय.

आधी बापूंचं सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल.

बापूंना शुगर होती हे आम्हाला फार उशिरा कळलं. २००७ च्या खरड छाटणीला त्यांच्या पायाला बागेतल्या तारेचा तुकडा लागला. तळपायाला. त्यांना कळलंच नाही. चप्पल रक्तानं भरली तेव्हा आईनं पाहिलं. "दुखत नाही गं काही," म्हणाले. आम्हाला वाटलं, काय खंबीर माणूस आहे! दुखत नव्हतं कारण पायाच्या नसाच मेल्या होत्या, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. जखम हळद लावून, पट्टी बांधून दीड महिना काढली. मग अंगठा काळा पडला. मग नाशिकला नेलं. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखाली पाय. दोन वर्षांनी बापू गेले.

त्या दीड महिन्यात बापू काय खात होते? साखर पूर्ण बंद. कुणीतरी सांगितलं होतं की गुळानं शुगर वाढत नाही, गूळ देशी आहे. म्हणून चहा गुळाचा, लापशी गुळाची, रात्री जेवणानंतर गुळाचा खडा. साखर सोडली याचं त्यांना समाधान होतं. आम्हालाही होतं.

गुळात लोह आणि थोडे क्षार असतात हे खरं. पण गुळाचा मोठा हिस्सा साखरच आहे, उसाचीच. रक्तात गेल्यावर रक्त विचारत नाही की तू पांढरी होतीस का तांबूस. हे मला बापू गेल्यावर बारा वर्षांनी, स्वतःवर आल्यावर कळलं.

माझं असं झालं. गोडी बहार छाटणीचे दिवस होते. रात्रीतून चार-पाच वेळा उठायला लागायचं, तहान भागायची नाही, वजन सहा किलो उतरलं. मला वाटलं कामाचा ताण. बायको मागे लागली म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी २१२. १२६ च्या वर गेलं की मधुमेह धरतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, एचबीएवनसी, ती साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. माझी ९.१.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलेलं: द्राक्ष बंद, आंबा बंद, केळी बंद, चिकू बंद, सीताफळ बंद, गोड बंद. बोलायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग होती. मी कागद खिशात घालून बागेत आलो. जानेवारीत माल चालू होणार. व्यापारी आला की त्याच्यासमोर चार मणी तोडून तोंडात टाकल्याशिवाय सौदा पुढे जात नाही. बागेतून फिरताना ह्या झाडाचा एक, त्या झाडाचा एक, असे दिवसाला तीस-चाळीस मणी पोटात जातात. तीस वर्षं हेच केलं. आता काय करायचं?

मी पठ्ठ्या कागदाला चिकटून राहिलो. त्या हंगामात एक मणी खाल्ला नाही. चव बायको बघायची. आंब्याचा वास घेऊन बाजूला झालो. पाडवा, आखाजी, दिवाळी, कुठेही गोडाला हात लावला नाही. पाहुण्यांत नाव झालं, "यांचा निग्रह बघा". सहा महिन्यांनी तपासलं तर ८.६. गोळी चालू, द्राक्षं बंद, आंबा बंद, गोड बंद, आणि तरी ८.६!

मग आमच्या आरोग्य केंद्रातल्या एका ताईंनी मला वही घालायला लावली. त्या डॉक्टर नव्हेत. म्हणाल्या, "काका, आठ दिवस तोंडात जे जाईल ते लिहायचं. लाजायचं नाही." लिहिलं. आठव्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि एकाच शब्दाखाली रेघा मारत गेल्या. चहा. चहा. चहा.

कांद्याच्या लिलावाचा दिवस घ्या. घरून निघताना एक. उपबाजारात ट्रॅक्टर रांगेत लावला की एक. ओळखीचा भेटला की एक. लिलाव झाला की एक, वजनकाट्यावर एक, पैसे घेताना आडत्याच्या गाळ्यावर एक. घरी आल्यावर "दमून आलेत" म्हणून एक. सात झाले. आपल्या टपरीच्या चहात दोन चमचे साखर धरा, दहा ग्रॅम. सात दाही सत्तर. वर प्रत्येक दुसऱ्या चहाला खारी नाहीतर बिस्किट. त्यातले अर्धे चहा गुळाचे होते, कारण हायवेला आता गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्यात आणि मी बापूंचाच मुलगा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की धडधाकट माणसानंसुद्धा वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, म्हणजे पाचसहा चमचे. त्यात मध आणि फळांचा रसही आला. अख्खं फळ त्यात धरलेलं नाही. मी शुगरचा पेशंट असून चहातूनच सत्तर ग्रॅम पीत होतो आणि बागेतल्या मण्याला घाबरत होतो.

शिवाय घरात "शुगर फ्री" असं लिहिलेली बिस्किटं आणि मिठाई आणलेली. मुलीनं प्रेमानं आणलेली. पाकीट फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं तर मैदा, तेल, खवा. साखर घातली नाही एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. मी एकाच्या जागी चार खात होतो, कारण पाकिटानं परवानगी दिली होती.

आता द्राक्षवाल्यांसाठी खास. आपल्या प्रत्येकाच्या खिशात हंगामात एक यंत्र असतं. रिफ्रॅक्टोमीटर, आपण ब्रिक्स मीटर म्हणतो. मणी दाबायचा, एक थेंब काचेवर, उन्हाकडे धरून आकडा बघायचा. १६ आला की थांबू, १८ आला की व्यापाऱ्याला फोन. एक्स्पोर्टवाला तर झाडाच्या वरचा, खालचा, सावलीतला असा प्रत्येक मणी तपासतो. तो आकडा काय सांगतो? साधारण शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऐवज, त्यातली बहुतेक साखर. म्हणजे आपल्याला फळातली साखर कुणी शहरातून येऊन शिकवायची गरज नाही. आपण तिच्यावरच पोट भरतो.

एके दिवशी बांधावर बसून मी हिशेब केला. मणी चार ग्रॅमचा धरला तर पंधरा मणी म्हणजे साठ ग्रॅम. त्यात दहा-अकरा ग्रॅम साखर. एका टपरीच्या चहाइतकी. पण चारशे ग्रॅमचा घड गप्पा मारता मारता संपवला तर सत्तर ग्रॅम, चौदा चमचे. बागेत बसून घड संपवायला आपल्याला पाच मिनिटं लागत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. दोन्हीला आपण "द्राक्षं खाल्ली" असंच म्हणतो.

आणि बेदाणा? साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. पाणी गेलं, साखर राहिली. मूठभर, तीस ग्रॅम बेदाणा म्हणजे सव्वाशे ग्रॅम द्राक्षं. पौष्टिक म्हणून आई मला रोज सकाळी भिजवलेल्या बेदाण्याची वाटी द्यायची, तो हिशेब वेगळाच.

दुसरं यंत्र मी तेव्हा विकत घेतलं. ग्लुकोमीटर. तेही तसंच, एक थेंब आणि आकडा. फक्त थेंब आपला. तीस वर्षं मण्याचा थेंब बघितला, स्वतःचा एकदाही बघितला नव्हता. बापूंचा तर कुणीच बघितला नाही.

मग मी दोन महिने प्रयोग केले. डॉक्टरांना सांगून, गोळी चालू ठेवून. खायच्या आधी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा. पट्ट्या फुकट मिळत नाहीत, म्हणून रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस. वहीतले काही आकडे देतो.

दुपारी चारला पंधरा मणी आणि मूठभर शेंगदाणे: आधी १२८, नंतर १४६.

अख्खा घड, एकदाच, मुद्दाम: आधी १२६, नंतर २१८.

हायवेच्या रसवंतीचा एक ग्लास रस: आधी १३१, नंतर २२४.

पेरू, मध्यम, सालासकट: आधी १२५, नंतर १३८.

जेवणात दोन भाकरी कमी करून एक पुरणपोळी, कटाची आमटी, भाजी, नंतर मळ्यापर्यंत चक्कर: १७१.

भाकऱ्या, भात तसेच ठेवून वर दोन पुरणपोळ्या आणि लगेच झोप: २५२.

जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत राहावं असं साधारण सांगतात. आता हे आकडे माझे आहेत. तुमच्या अंगात, तुमच्या गोळ्यांवर वेगळे येतील. माझे आकडे बघून खाऊ नका, स्वतःचे बघून खा. एवढ्यासाठीच लिहितोय.

पण त्यातून मला फळांबद्दल आणि गोडाबद्दल जे उमगलं ते सांगतो.

एक. फळ खायचं, प्यायचं नाही. रस काढला की चोथा जातो आणि चार फळांची साखर एका ग्लासात दोन मिनिटांत पोटात उतरते. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यसेवेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. त्यात अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. हा अभ्यास मधुमेह व्हायच्या आधीचा आहे. म्हणजे "द्राक्ष खा, शुगर जाईल" असा त्याचा अर्थ कुणी काढू नका. पण द्राक्ष हे विष नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

दोन. कोणतं फळ यापेक्षा किती हे आधी ठरवा. पेरू, जांभूळ, पपई, संत्रं, मोसंबी ही माझ्यासारख्याला मोकळीक देणारी. कलिंगडात पाणीच जास्त, पण लोक ताट भरून खातात, तिथे गडबड होते. आंबा, केळी, चिकू, सीताफळ, द्राक्ष ही गोड जास्त, मग वाटा लहान. अर्धं केळ. दोन-तीन फोडी आंबा. सीताफळ घरात तिघांत एक. आंब्याचं मी असं करतो की आमरस घ्यायचा नाही, फोडी घ्यायच्या. रसात किती आंबे गेले ते कळत नाही आणि वर साखर घालायची आपल्याकडे रीतच आहे.

तीन. गोड जेवणाच्या वर नाही, जेवणाच्या आत. पुरणपोळी खायची असेल त्या दिवशी भाकरी-भात तेवढा कमी. आधी भाजी, कोशिंबीर, डाळ, शेवटी गोड. उपाशीपोटी गोड टाळायचं. आणि जेवल्यावर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चालायचं. हे चालणं माझ्या वहीत इतकं स्पष्ट दिसलं की आता पाऊस असला तर मी ओट्यावरच फेऱ्या मारतो.

चार. गूळ, मध, खडीसाखर, काकवी ही सगळी एकाच घरातली भावंडं. आवडीनं थोडं खा, औषध म्हणून खाऊ नका. जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस घेऊन गोळी बंद करणारे दोन जण मला माहीत आहेत. एकाचे डोळे गेले. कृपा करून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

पाच. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर शुगर एकदम खालीही जाते. ७० च्या खाली. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस बरळायला लागतो. तेव्हा साखरच लागते, लगेच. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. "शुगरवाल्याला साखर कशी द्यायची" म्हणून घरचे बघत बसतात, असं व्हायला नको. आणि किडनीचा त्रास असेल तर फळांचं गणित वेगळं असतं, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

एवढं केल्यावर आठ महिन्यांनी माझी सरासरी ६.९ आली. गोळी तीच. चहा दिवसाला दोन, बिनसाखरेचे. हंगामात रोज पंधरा मणी, मोजून. मुलगा हसतो, "पप्पा, मणी मोजून खाणारा पहिला बागायतदार." हसू दे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट सार्वजनिक लिहिली. माझ्या ताटाचं मी सांभाळलं. पण ताट माझं एकट्याचं नसतं.

गेल्या वैशाखात मुलीचं लग्न झालं. तुमच्यापैकी बरेच जण होतात. आचाऱ्यानं यादी आणली: जिलेबी, गुलाबजाम, आमरस, रबडी, शेवटी आइस्क्रीम, आल्या-आल्या वेलकम ड्रिंक. पाच गोड आणि एक सरबत. मी म्हटलं, दोनच गोड. आमरस, वरून साखर न घालता, लहान वाटीत. आणि जिलेबी. सोबत कापलेली पपई आणि कलिंगडाची मोठी परात. चहा बिनसाखरेचा, साखर शेजारी भांड्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाढप्यांना सांगितलं की एकदा विचारा, नको म्हटलं की पुढे जा.

घरात वादळ. आमचे मोठे चुलते, तात्या, दोन दिवस बोलले नाहीत. "पोरीच्या लग्नात कंजूषपणा? लोक म्हणतील द्राक्षात पडलं म्हणून हात आखडला. घराण्याचं नाक कापलं." खरं सांगतो, त्या रात्री मीही डळमळलो. त्या वर्षी द्राक्षाला भाव नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे तो टोमणा जिव्हारी लागला. आईला विचारलं. आई म्हणाली, "तुझ्या बापाच्या ताटात शेवटपर्यंत लोकांनी आग्रह करून वाढलं. पाय गेल्यावर मात्र कुणी आलं नाही चालायला शिकवायला." एवढंच म्हणाली आणि उठून गेली. मी यादी बदलली नाही.

लग्न झालं. परात दोनदा भरावी लागली. काही जण बोलले असतील, बोलू दे. पण आठ दिवसांनी संध्याकाळी तात्या मळ्यात आले. इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "ते तुझं यंत्र आहे ना बोटाचं, ते जरा लाव मला." लावलं. ३१०. ७१ वर्षांचा माणूस, पंक्तीत सगळ्यांना आग्रह करकरून जिलेबी वाढणारा. मला म्हणाले, "तीन वर्षं झाली. गोळ्या आहेत घरी. घेत नाही. सांगितलं तर लोक पंक्तीत वेगळं बसवतील असं वाटायचं."

मंडळी, मला तेव्हा बापू दिसले.

आपल्याकडे गोड म्हणजे माया. तोंड गोड करा म्हणतो, पेढा हातात ठेवत नाही, तोंडात घालतो. नको म्हणणाऱ्याला "एकानं काय होतंय" म्हणतो. एकानं काही होत नाही, हे खरंच आहे. पण त्या माणसाला त्या दिवशी ते दहाव्या जणानं म्हटलेलं असतं. आणि तो कारण सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर त्याचा सगळ्यांसमोर "पेशंट" होतो. म्हणून तो खातो. नंतर एकटा भोगतो.

हे थोड्या लोकांचं दुखणं राहिलेलं नाही. आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. म्हणजे शंभर माणसांच्या पंक्तीत आठ-नऊ जण तरी, त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःलाच माहीत नाही. शेतात राबणाऱ्याला शुगर होत नाही ही समजूत आता सोडा. आता आपण तरी किती राबतो? फवारणी ट्रॅक्टरवर, पाणी ठिबकवर, बागेत मोटरसायकलवर. राबतात ते पेठ-सुरगाण्याहून आलेले मजूर.

म्हणून चार विनंत्या. हुकूम नाही, विनंती.

पहिली, सप्ताहाच्या कमिटीला. महाप्रसादाची लापशी, बुंदी बंद करा असं मी म्हणणार नाही. प्रसाद प्रसाद असतो. पण द्रोण लहान ठेवा आणि शेजारी फळांची एक परात ठेवा. हंगामात द्राक्षाचे दोन क्रेट माझ्याकडून. लहान गुच्छ करून देऊ, घड नाही.

दुसरी, चहाच्या टपऱ्या आणि आडत्यांचे गाळे. एक किटली बिनसाखरेची ठेवा. ज्याला हवी तो साखर घालून घेईल. खर्च तुमचाच वाचेल.

तिसरी, लग्नघरं. गोड कितीही ठेवा, पैसा तुमचा आहे. फक्त वाढप्याला सांगा, एकदाच विचार. आणि आपणही पंक्तीत फिरताना कुणाच्या ताटावर हात धरून वाढू नका.

चौथी, आपण सगळे. वय ३० च्या वर असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी तपासण्याचा कार्यक्रम आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात तेव्हा "आम्हाला काही नाही" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. साध्या गोळ्याही तिथे मोफत मिळतात. माझं यंत्र तर आहेच, मळ्यात या, चहा पाजेन, बिनसाखरेचा.

मला माहीत आहे काही जण कमेंट करतील, की आधीच द्राक्षाला भाव नाही, त्यात तू लोकांना पंधरा मणी मोजायला सांगतोस, स्वतःच्याच धंद्यावर कुऱ्हाड मारतोस. मी उलट म्हणतो. आज शुगर निघाली की लोक द्राक्ष कायमचं बंद करतात, कारण छापील कागदावर तसं असतं. दहा कोटी गिऱ्हाईक असं गेलं. त्यांना "बंद" ऐवजी "मोजून" सांगितलं तर पंधरा मणी तरी रोज खातील. पण भाव मिळो न मिळो, खरं ते हेच आहे.

तात्यांचं सांगायचं राहिलं. परवा तिसऱ्या महिन्याची तपासणी झाली, ११.२ वरून ८.४. अजून लांब आहे. पायाला मुंग्या येतात म्हणाले, म्हणून रोज रात्री तळपाय आरशात बघायचं ठरलंय, चुलती बॅटरी धरते. अनवाणी बागेत जायचं बंद. आणि ही पोस्ट टाकायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवली. नाव टाकू का विचारलं. म्हणाले, "तात्या एवढंच टाक. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि लिही, की जिलेबी अजून आवडते. अर्धी खातो."

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर निदान आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे तळपाय एकदा बघा.